तीन नावांचं एकच रक्त

६ जानेवारी २०२५, सोमवार

कंपनी बंद पडली तेव्हा टाइम ऑफिसातून एक कोरं मस्टर मी घरी आणलं होतं. तेवीस वर्षं ते कपाटावर पडून होतं. आज खाली काढून धूळ झटकली, कारण मनातलं कुठेतरी लिहायला हवं आणि मोबाइलमध्ये लिहिलेलं सूनबाईला दिसतं असा मला दाट संशय आहे.

तर सूनबाईंचीच गोष्ट. दक्षताने माझी 'फुल बॉडी' तपासणी बुक केली, तीही मला न विचारता. गुरुवारी सकाळी सात वाजता घरी येऊन रक्त घेणार, आणि तोवर मी उपाशी. मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही." ती म्हणाली, "मग पप्पा, रिपोर्टपण चांगलाच येईल ना." या मुलीला वकील करायला हवं होतं.

माझं वय अडुसष्ट. दात सगळे स्वतःचे. ज्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर बसून हे लिहितोय, त्याच्या जागेवर मी भात लावलाय. अशा माणसाच्या दंडाला फडकं बांधून सुई टोचायची म्हणजे कमाल आहे.

तहान हल्ली जास्त लागते, पण ती एसीमुळे. बाथरूममध्ये मुंग्याही फार झाल्यात. बायको, भागीरथी, गुळाचा डबा उघडा ठेवते, दुसरं काय.

७ जानेवारी, मंगळवार

बाळकुमच्या जुन्या विहिरीच्या कट्ट्यावर संध्याकाळी पाच वाजता हजर : मी, हिरामण, गुरुदत्त, पोपट. खाडा कुणाचाच नाही.

हिरामण माझ्या भावकीतला, एकेकाळी आमच्या शेजारच्या मिठागरावर कामाला होता, नंतर माझ्याच कंपनीत. गुरुदत्त बँकेतून निवृत्त झाला आणि डोंबिवली सोडून आमच्या टॉवरमध्ये आला. बोलतो इतकं शुद्ध, की त्याने शिवी दिली तरी आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटतं. पोपट कोळीवाड्यातला. वय सत्तर, अजून रोज खाडीत जाळं टाकतो. त्याची बायको तुळसा नाक्यावर ते मासे विकते.

कळलं ते असं, की दक्षताने ती बुकिंगची लिंक सगळीकडे पाठवली आहे. हिरामणच्या कल्याणच्या मुलाने बापाचं बुकिंग केलं, गुरुदत्तच्या मुलीने त्याचं. पोपटचं कुणी केलं नाही. त्याला मूलबाळ नाही.

"तुमची मजा हाय," पोपट म्हणाला. "मना तर कोन टोचत पन नाय."

त्यावर हिरामण नुसता माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघितलं. कंपनीत पोपट बदली कामगार होता. कुणाला लग्नाला जायचं असलं, कुणाला जत्रेला, की पोपट त्याच्या नावाचं कार्ड पंच करायचा आणि त्याची पाळीही भरायचा. टाइमकीपर मी. माझ्या डोळ्यांदेखत हे चालायचं आणि त्या वेळी माझे डोळे खिडकीबाहेर असायचे. हिशेबात एकदाही गडबड झाली नाही, कारण पोपटचं काम आमच्या कामापेक्षा चांगलंच असायचं.

"तिघांच्या नावानं एकच हात," हिरामण म्हणाला.

गुरुदत्त आधी म्हणाला, "हे नैतिकदृष्ट्या योग्य नव्हे." मग जरा विचार करून म्हणाला, "पण आमच्याकडे शनिवारी आहे. शनिवारी जमेल का तुला?"

पोपटने अट घातली. रक्त झालं की ज्याच्या त्याच्या घरी पोटभर नाश्ता. ठरलं.

९ जानेवारी, गुरुवार

मोहीम फत्ते.

भागीरथी काल ठाकुर्लीला बहिणीकडे गेली आहे. मुलगा यज्ञेश आणि दक्षता घोडबंदरचा ट्रॅफिक टाळायला साडेसहालाच निघाले. पावणेसातला पोपट आला. मी त्याला माझा इस्त्रीचा शर्ट घातला. तो सोफ्यावर असा बसला की क्षणभर मलाच वाटलं आपण पाहुणे आहोत.

रक्त घ्यायला आलेली मुलगी चुणचुणीत. गळ्यातल्या कार्डावर नाव प्राप्ती.

"नाव?"

"परशुराम दामोदर भोईर," पोपट म्हणाला. माझं नाव इतक्या रुबाबात मी स्वतःही कधी घेतलेलं नाही.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"कंबरंच्या. दोन सकालच्यान, दोन सांजच्यान. मेडिकलवाला देतं."

"किती दिवसांपासून?"

"चार वर्सां जाली असतील."

काय बेमालूम थाप. मी हसू दाबत होतो तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी पोपट," मी म्हटलं. "मित्र. मी रोज खाडीत जातो, मला काही लागत नाही."

ती माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "काका, अंगठ्याला पट्टी कसली?"

"नवी चप्पल लागली."

"कधी?"

"दिवाळीत."

ती काहीतरी म्हणणार होती, पण मी तिला चहाचं विचारलं. चहा न घेताच गेली. या पिढीला बसायला वेळच नसतो.

पोपटने पोहे दोनदा घेतले, पण दुसरी ताटली अर्धी टाकली. एरवी तो असं करत नाही. मग सोफ्यावर तासभर झोपला. जाताना चप्पल पायात जाईना, पाय सुजल्यासारखे दिसत होते. सोफ्यावर लोंबकळत ठेवले म्हणून असणार.

११ जानेवारी, शनिवार

काल हिरामण, आज गुरुदत्त; रक्त घ्यायला दोन्हीकडे वेगळी माणसं आली. दोन्हीकडे पोपट हजर, दोन्ही हात निळे. कट्ट्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुदत्तने त्याला 'सर्वोत्कृष्ट कामगार' म्हणून शाल द्यायची सूचना मांडली. हिरामणने घरातली जुनी शाल आणली आणि आम्ही ती खरोखरच दिली.

१३ जानेवारी, सोमवार

मोहीम अंगाशी आली.

रिपोर्ट आले. दक्षता ऑफिसातून लवकर आली, तोंड उतरलेलं. "पप्पा, तुमचं क्रिएटिनिन चार पॉइंट सहा आहे." मी विचारलं ते किती असायला हवं. ती म्हणाली, एकच्या आसपास. हिमोग्लोबिन आठ. साखर तेवढी एकदम नॉर्मल. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पप्पा म्हणते, पण माझ्यासाठी रडेल असं कधी वाटलं नव्हतं. खूप बरं वाटलं आणि लगेच खूप वाईट वाटलं.

पाच मिनिटांत हिरामणचा फोन, दहा मिनिटांत गुरुदत्तचा. तिघांचे आकडे जवळजवळ सारखे. गुरुदत्तच्या मुलीला वाटतंय की टॉवरच्या पाण्यातच दोष आहे. सोसायटीने संध्याकाळी टाकीचं पाणी तपासायला दिलं. पाणी उत्तम निघेल याची मला खात्री आहे.

नाक्यावरच्या डॉक्टर हेमांगींनी रिपोर्ट बघितला. म्हणाल्या, मूत्रपिंडं थकली आहेत, लॅबच्या फॉर्मवर लिहिलेल्या कंबरेच्या गोळ्या आजच्या आज बंद, मीठ बंद, रक्त परत तपासायचं आणि सोनोग्राफी. मोठ्या डॉक्टरांची तेवीस तारखेची वेळही त्यांनीच घेऊन ठेवली. म्हणाल्या, "आत्ता पकडलंय तर सावरू. महिने घालवले तर मशीनवर जावं लागेल." त्या माझ्याशी बोलत होत्या, पण मला समोर पोपटच दिसत होता.

भागीरथी दुपारीच ठाकुर्लीहून आली. ती बरीच वर्षं अंगणवाडीत होती, कागद वाचायचा तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. चष्मा लावून तिने सगळी पानं वाचली. शेवटच्या पानावर जरा जास्तच थांबली. मग घडी घालून म्हणाली, "पोपटभावजी कसं हायेत? बरेच दिसांत आयले नाय."

नवरा मरायला टेकलाय आणि हिला पोपटची चौकशी. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसाराचं हे फळ.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळपासून अळणी. डाळ अळणी, भाजी अळणी, भाकरीतही मीठ नाही. माझे आजोबा, वडील मिठागरात उभे राहून पायांची सालं काढून घेत होते, आणि त्यांच्या वारसाच्या ताटात चिमूटभर मीठ नाही. नशिबाने गोडाला बंदी नाही. तिळाचे अकरा लाडू खाल्ले. तहान फार लागली.

१६ जानेवारी, गुरुवार

पोपट खाडीत गेलेला असताना आम्ही तिघं कट्ट्यावर जमलो. विषय एकच. पोपटला कोण सांगणार?

सांगायचं तर कसं कळलं तेही सांगावं लागेल. म्हणजे तीन घरांत भांडाफोड, आणि परत आमच्या दंडाला सुई. हिरामण म्हणाला, "परशुराम सांगेल, पोपट त्याचा जास्त जवळचा." मी म्हटलं, "गुरुदत्त सांगेल, त्याचं बोलणं मुद्देसूद असतं." गुरुदत्त म्हणाला, "कल्पना हिरामणची होती, तेव्हा जबाबदारी ओघानेच हिरामणची." तासभर आम्ही असे एकमेकांच्या अंगावर ढकलत बसलो. मला आमची शरम वाटली. पण शरम वाटून मी उठलो नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

तेवढ्यात पोपट आला. पिशवीत आमच्यासाठी निवट्या, खाडीतले ताजे मासे. खाडीपासून कट्ट्यापर्यंतचा चढ तसा नावालाच आहे, पण पोपट येऊन बसला आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"काय रं परश्या, रिपोट आयला? पास ना?"

"पास," मी म्हटलं.

"मंग. सांगतलाव ना, मना काय नाय जालं."

त्या निवट्या मी घरी आणल्या. खाववल्या नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार

भागीरथीचं काही कळत नाही. माझ्यासाठी अळणी करते ते करते, पण दुप्पट करते आणि अर्धं डब्यात भरून कोळीवाड्यात पाठवते. पोपटला. मी म्हटलं, त्या बिचाऱ्याला कशाला शिक्षा? म्हणाली, "रांधलंय जास्ती. फेकू काय?"

आज तुळसा स्वयंपाकघरात तिच्याशी तासभर बोलत बसली होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर दोघी एकदम कुणाच्या तरी हळदीत किती माणसं आली होती ते मोजू लागल्या. ओट्यावर कंबरेच्या गोळ्यांची एक पुडी पडली होती. तुळसा विसरली असावी. मी द्यायला गेलो तर भागीरथीने माझ्या हातातून घेऊन कचऱ्यात टाकली. डोकं फिरलंय बाईचं.

अंगठ्याची पट्टी आज बदलली. जरा काळपट वाटतंय. चपलेचा रंग लागला असेल.

२१ जानेवारी, मंगळवार

हजर तिघेच. पोपट आला नाही.

त्याची होडी किनाऱ्याला लागली, पण ती वर ओढायला जोर लागेना म्हणून तो तिथेच चिखलात बसून राहिला. दोन पोरांनी हात धरून घरी नेलं. मी गेलो तेव्हा पाय तपेलीत बुडवून बसला होता. तोंड सुजलेलं. उलटी झाली होती. मला बघून हसला आणि म्हणाला, "गोल्या नाय ना, म्हून. तुळशीनं खयं टाकल्यान देव जाने."

दवाखान्यात चल म्हटलं तर एकदम चिडला. "मना कला? मी तर पास हाय. तूच बोललास."

मी तसाच उठलो.

घरी आलो. भागीरथी ओट्याशी उभी होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. कट्टा, शर्ट, प्राप्ती, पोहे, शाल, सगळं. बोलता बोलता मला रडू आलं. म्हटलं, तो रिपोर्ट माझा नाही, पोपटचा आहे, आणि आठ दिवस मला ठाऊक आहे.

तिने गॅस बारीक केला. "मना पन ठाऊक हाय."

कपाटातून तिने दोन गोष्टी आणल्या. एक तो रिपोर्ट, शेवटचं पान उघडून. रक्तगट : ओ पॉझिटिव्ह. दुसरं माझं कंपनीचं जुनं ओळखपत्र. रक्तगट : बी पॉझिटिव्ह.

"पण पोपटचंच कसं कळलं? गट ओ असलेले हजार असतील."

"हजार असतील. पन तुमच्यासाठी हात पुढं करनारा एकच."

मग ती स्टुलावर बसली. यज्ञेश झाला तेव्हाचं मी विसरलोय का, असं तिने विचारलं. मी विसरलो नव्हतो. आठवायचं टाळत होतो. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तिचं रक्त थांबेना, दोन बाटल्या लागत होत्या. माझा गट जुळत नव्हता, आणि जुळला असता तरी उपयोग नव्हता, कारण सुई बघूनच मी तिथे फरशीवर आडवा झालो होतो. पोपट पाळी सोडून धावत आला. एक बाटली त्याची. त्या दिवशी त्याचं कार्ड संध्याकाळी मीच पंच केलं होतं.

"माझे अंगात यो रगत हाय," ती म्हणाली. "मना नाय कललं तर कोनाला कललं?"

मी विचारलं, मग आठ दिवस गप्प का बसलीस? म्हणाली, गप्प कुठे होते, गोळ्या बंद केल्या, मीठ बंद केलं. तेवीसची वेळ आहेच. पण पोपट तुळसाचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही, तो फक्त तुमचं ऐकतो. तुम्ही कधी तोंड उघडता याची वाट बघत होते. उद्यापर्यंत नसतं उघडलं तर दोघांची बकोटी धरून नेणार होते.

मग म्हणाली, "न अळनी तुमाला कला खिलवला, ता पन इचारा." अळणी कशाला खिलवलं ते मी विचारलं नाही; शिक्षा होती, हे कळत होतं.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी पोपटकडे गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देईल, एखादी लाथ घालेल. तसं काही केलं नाही.

"म्हंजे तुमी तिघं पास न मी एकटा नापास?"

"आम्ही परीक्षेलाच बसलो नाही," मी म्हटलं.

"मंग बसा. पयला तू. तुझे हातातून रगत निंगताना मना दिसला पायजे. मंग मी येतो."

माझे वडील तपासणीसाठी म्हणून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेले होते. अकराव्या दिवशी त्यांना आणायला आम्ही चौघं गेलो. तेव्हापासून मला वाटतं की तपासलं नाही तर काही सापडत नाही, आणि सापडलं नाही तर माणूस घरी राहतो. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज पोपटला सांगितलं. तो म्हणाला, "मी हाय ना बाजूला." आजारी तो, आणि धीर मला देत होता.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी सातला लॅबमध्ये आम्ही चौघे. हिरामण आणि गुरुदत्त यांना त्यांच्या घरच्यांनी आणून सोडलं. भागीरथी काल तिन्ही घरांत फिरली होती. गुरुदत्तची मुलगी त्याच्याशी अजून बोलत नाही, तिने टाकीचं पाणी दोनदा तपासून घेतलं होतं.

काउंटरवर प्राप्तीच. पोपटला बघून म्हणाली, "या परशुराम काका, बसा." मला म्हणाली, "पोपटकाका, शेवटी आलात तुम्ही."

"थोडी दुरुस्ती आहे," मी म्हटलं.

दुरुस्ती ऐकून तिने पेन खाली ठेवलं. मग तिने आम्हां चौघांना, बापाच्या वयाच्या माणसांना, भिंतीशी उभं करून जे झापलं, तसं कंपनीत मॅनेजरनेही कधी झापलं नव्हतं. चुकीच्या नावावर कुणाला चुकीचं औषध गेलं असतं तर, असं ती विचारत होती. गुरुदत्त मान खाली घालून "अगदी बरोबर" एवढंच म्हणत होता.

पहिला मी बसलो. पोपट समोर स्टुलावर बसून टक लावून बघत होता. सुई आत जाताना मी त्याचा हात धरला. आडवा झालो नाही. पोपटने मोजलं, तीन नळ्या. मग तो उठला, माझ्या जागी बसला आणि बाही वर केली.

"नाव?" प्राप्तीने विचारलं.

तो थांबला. माझ्याकडे बघून गालात हसला. मग म्हणाला, "पोपट गोविंद कोळी. सवताचा."

दुपारी मोठ्या डॉक्टरांकडे मी पोपटसोबत गेलो. त्यांनी त्याला दोन दिवसांसाठी दाखल करून घेतलं. तुळसा बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने मला चहा दिला, पण बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

२५ जानेवारी, शनिवार

पोपट घरी आला. मशीन लागणार नाही, निदान आत्ता तरी. गोळ्या सुटल्या त्याचाच उपयोग झाला, असं डॉक्टर म्हणाले. मीठ नाही, जाळं ओढणं नाही, दर पंधरा दिवसांनी रक्त. तुळसाने आजच्या आज होडी भाच्याकडे दिली.

हिरामणचं सगळं ठीक, थोडं कोलेस्टेरॉल. गुरुदत्तचं तर तरुण मुलासारखं, त्यामुळे तो फार नाराज आहे.

आणि माझं. बी पॉझिटिव्ह. क्रिएटिनिन उत्तम. उपाशीपोटी साखर दोनशे शहाऐंशी. डॉक्टर हेमांगींनी आधी रिपोर्ट बघितला, मग माझा पाय बघितला. पट्टी स्वतः सोडली. मग म्हणाल्या, "भोईर काका, आणखी महिनाभर तुम्ही पोपट राहिला असतात, तर हा अंगठा काढावा लागला असता." आता रोज ड्रेसिंग, सकाळ-संध्याकाळ गोळ्या, आणि गोड बंद. अंगठा वाचेल, असं त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही.

घरी येऊन मी बाथरूममध्ये गेलो आणि मुंग्यांकडे बघत उभा राहिलो. त्यांना केव्हापासून माहीत होतं. बाहेर येऊन भागीरथीला म्हटलं, गुळाच्या डब्याबद्दल उगाच बोललो तुला, चुकलो. ती म्हणाली, "डबा मी दिवालीपासूनच कुलपात ठेवते. मुंग्या तवापन होत्या."

दक्षताला बुकिंग तिनेच करायला लावलं होतं, हे मला आत्ता, हे लिहिताना कळतंय.

संध्याकाळी पाचला पोपट काठी टेकत कट्ट्यावर आला. खांद्यावर ती शाल. भागीरथीने दोन डबे दिले होते, त्याचा बिनमिठाचा, माझा बिनसाखरेचा. त्याने माझा उघडून वास घेतला, मी त्याचा. अदलाबदल करायची का, असं तो म्हणाला. मी नको म्हटलं.

हजर : परशुराम दामोदर भोईर, स्वतः. पोपट गोविंद कोळी, स्वतः.